फुगणारं दार, फुगणारी होडी आणि लाकडी विमान

मिरग लागला की आमच्या माजघराचं दार कुरकुरायला लागतं. आषाढात ते लागतच नाही. सुतार येतो, कडेला रंधा मारून जातो आणि दिवाळीनंतर त्याच दाराला बोटभर फट पडते. गंमत म्हणजे दार रुंदीत फुगतं, उंचीत नाही. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. पाणी नळ्यांच्या भिंतींत मुरलं की नळ्या जाड होतात, लांब होत नाहीत.

होडीवाल्याला हा फुगवटा हवाच असतो. मे महिन्याच्या उन्हात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या होडीच्या फळ्या सुटतात. पाण्यात उतरवली की ती आधी थोडी गळते, मग फळ्या फुगून एकमेकींना घट्ट बसतात. मालवण-देवगडला हे कुणाला शिकवावं लागत नाही. लाकडी विमान बांधणाऱ्याची झोप मात्र याच गोष्टीने उडते.

शिकाऊ विमान हलकं हवं, सावकाश उतरणारं हवं आणि नवख्याने धपकन टेकवलं तरी सोसणारं हवं. १९३७ साली उडालेलं ‘माइल्स मॅजिस्टर’ हे ब्रिटिश हवाई दलाचं शिकाऊ विमान असंच होतं: स्प्रूस या थंड मुलखातल्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा सांगाडा, वर प्लायवूड. आपला साग का नाही? साग टिकाऊ खरा, पण घनमीटरभर सागाचं वजन साधारण ६५० किलो, तर सिट्का जातीच्या स्प्रूसचं ४०० च्या आसपास. ताठपणात दोघे जवळजवळ सारखे. विमानाला हा फरक पुरतो.

पंखाचा सगळा जीव त्याच्या तुळईत असतो. हवा पंख वर उचलते, धडाचं वजन खाली ओढतं, त्यामुळे तुळईची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या लाकडाला त्या मानाने काम कमी, म्हणून ते काढूनच टाकतात. वर-खाली स्प्रूसच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना पातळ प्लाय, आत पोकळी. प्लायचे रेषे ४५ अंशांत तिरके लावतात, कारण तिथला ताण तिरकाच धावतो. पट्टीचे रेषे मात्र सरळ हवेत. १५ इंचांत १ इंचाहून जास्त कलले तर पट्टी बाद. आमचा सुतार म्हणेल, एवढी चांगली फळी चुलीत घालायची?

आणि हे सगळं जोडायचं सरसाने. प्लाय चिकटेपर्यंत धरून ठेवायला बारीक खिळे मारतात, भार सोसतो तो सरसच. पट्टी आडवी फुगू पाहते, तिला चिकटलेला प्लाय फुगत नाही, कारण त्याचे आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात. या ओढाताणीत सापडतो तो मधला सरसाचा थर. पूर्वी हा सरस दुधातल्या केसीनचा असे. ओल लागली की तो मऊ पडतो, बुरशी त्याला खाते. लाकडी ‘मॉस्किटो’ लढाऊ विमानं भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली, तेव्हा १९४४ च्या अखेरीस पंख मोडून अपघात झाले आणि ती जमिनीवर रोखून धरावी लागली. दोष हवेचा की कारखान्यातल्या जोडणीचा, यावर बोटं दोन्हीकडे वळली. तोवर फॉर्माल्डिहाइड या रसायनापासून केलेले, ओलीला दाद न देणारे सरस वापरात आलेच होते.

सरस सुधारला तरी लाकूड तेच. विमानाच्या लाकडात वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी ठीक. हवेतला दमटपणा ९० टक्क्यांवर टिकून राहिला, आणि आपल्या श्रावणात तो राहतोच, तर लाकूड हळूहळू २० टक्क्यांकडे सरकतं. दर टक्क्याला त्याची दाब सोसायची ताकद साधारण पाच टक्क्यांनी उतरते, आणि विशीच्या पुढे कुजवणारी बुरशी जागी होते. म्हणून आतूनसुद्धा वॉर्निश.

तरीही आपल्याकडे लाकडावर पुष्कळांनी उडणं शिकून घेतलं. १९६१ साली उडालेलं ‘रोहिणी’ हे भारतीय बनावटीचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, लाकडीच, गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसणारं.

अशा पंखाची तपासणी पाहिली तर कोकणी माणसाला ओळखीची वाटेल. फणस पिकला का बघायला बोटांनी ठोकतो, तसं प्लायवर ठोकत जायचं. आवाज बद्द आला की तिथला थर सुटला असं समजायचं. मग पंखाच्या पोटाची बारीक छिद्रं बघायची. आत साठलेलं पाणी तिथून निथळतं, आणि कुंभारीण माशीला घर बांधायला नेमकी तीच जागा आवडते. पावसाआधी काडी घालून तिची माती काढावी लागते.