आठवण काढली की ती पुन्हा कच्ची होते

दहावीचं वर्ष जवळ आलं की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रकं पडू लागतात. 'फोटोग्राफिक मेमरी मिळवा, एकदा पाहिलेलं पान कायमचं डोळ्यांसमोर!' फी मात्र छापलेली नसते, ती समक्ष भेटीत कळते. यांचीच चुलतभावंडं म्हणजे 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे वर्ग. तिथे मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात. नाकाच्या बाजूला राहिलेल्या फटीतून खालचं छान दिसतं. ती फट नीट बुजवली की चमत्कार संपतो. मध्यमेंदू प्रत्येकाचा जन्मापासून चालूच असतो, नाहीतर साधे डोळेही फिरवता आले नसते.

पानाचा हुबेहूब फोटो डोक्यात ठेवणारा प्रौढ माणूस आजवर कुठल्याही प्रयोगशाळेत निर्विवादपणे सापडलेला नाही. १९७० साली एका अमेरिकी संशोधकाने एका तरुणीबद्दल तसा दावा केला होता, पण ती चाचणी पुन्हा झालीच नाही. मग निष्णात बुद्धिबळपटू अख्खा पट कसा लक्षात ठेवतात? विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हेच तपासलं. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर मास्टर खेळाडूने सोळाच्या आसपास मोहरी अचूक मांडली आणि नवशिक्याने चार. मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, तेव्हा मास्टर नवशिक्याच्या पंगतीला येऊन बसला. त्याला लक्षात राहत होते ते डावपेच. पट दिसला तसा त्याच्या डोक्यात उतरलाच नव्हता.

तरीही 'माझ्या डोळ्यांसमोर अगदी जसंच्या तसं आहे' असं आपण छातीठोकपणे म्हणतो. मुंबईकराला २६ जुलै २००५ बद्दल विचारा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी तो कुठे अडकला, कुणी चहा दिला, घरी किती वाजता पोचला, सगळं सांगेल. सांगताना तिळमात्र शंका नसते.

अशा खात्रीची परीक्षा मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी अमेरिकेत एमरी विद्यापीठात घेतली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होता. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं एकही मुख्य उत्तर आधीच्या उत्तराशी जुळलं नाही, आणि कित्येकांची खात्री मात्र शाबूत. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण कुणालाच परत आली नाही.

आठवण बिघडायची कारणं बरीच आहेत. इतरांचं ऐकलेलं आपलं होतं, टीव्हीवर पाहिलेलं मिसळतं. पण मला ज्याचं वेड आहे ती गोष्ट याच्याही खाली, रेणूंच्या पातळीवर घडते.

दोन चेतापेशींच्या सांध्यावर, म्हणजे सिनॅप्सवर, एनएमडीए नावाचा रिसेप्टर, म्हणजे रासायनिक निरोप झेलणारं प्रथिन, असतो. त्याच्या मधल्या नळीत मॅग्नेशियमचा आयन (विद्युतभारित कण) बुचासारखा अडकलेला असतो. धाडणाऱ्या पेशीकडून ग्लूटामेट हे निरोप्या रसायन आलं, तरी एवढ्याने नळी मोकळी होत नाही. त्याच वेळी घेणारी पेशीही उत्तेजित असेल, तरच विद्युतभार बदलून मॅग्नेशियम बाहेर फेकलं जातं. बँकेच्या लॉकरला तुमची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागतात, तसंच हे. दोन्ही लागल्या की कॅल्शियम आत शिरतं. त्यातून कॅमकायनेज-२ हे विकर जागं होतं, एएमपीए या दुसऱ्या जातीचे रिसेप्टर पेशीच्या आवरणात वाढतात आणि तो सांधा बळकट होतो. 'या दोन गोष्टी एकदम घडल्या' याची नोंद ती हीच. ही नोंद काही तास टिकते. पुढे टिकवायची तर पेशीकेंद्रकापर्यंत निरोप जाऊन, क्रेब या प्रथिनामार्फत जनुकं चालू होऊन, नवीन प्रथिनं तयार व्हावी लागतात. प्रथिनं बनली की आठवण पक्की, आता तिला धक्का नाही, असं पाठ्यपुस्तकं सांगत.

२००० साली करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू या मेंदू-संशोधकांनी या 'पक्की'ला सुरुंग लावला. उंदरांना एक स्वर ऐकवून पायाला विजेचा झटका दिला. नंतर नुसता स्वर ऐकला, तरी ते जागच्या जागी थिजायचे. आठवण पक्की झाल्यावर त्यांनी स्वर एकदा ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी निगडित भागात अ‍ॅनिसोमायसिन टोचलं. हे औषध प्रथिनांची निर्मिती थांबवतं. दुसऱ्या दिवशी स्वर ऐकून उंदीर फारसे घाबरलेच नाहीत! स्वर न ऐकवता औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी. स्वर ऐकवून सहा तासांनी दिलं, तरीही काही फरक नाही. चौदा दिवस जुनी आठवणही तशीच पुसट झाली. म्हणजे आठवण जागी झाली की काही तास कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हायला नवी प्रथिनं मागते. २००८ मध्ये आणखी एक दुवा मिळाला: आठवण जागी होताच सिनॅप्समधली काही जुनी प्रथिनं युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा शिक्का मारून प्रोटिअ‍ॅझोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे, मोडीत काढली जातात. आधी पाडकाम, मग बांधकाम.

गंमत अशी की १९६८ मध्येच मिसॅनिन, मिलर आणि लुईस या संशोधकांनी जवळजवळ हेच, औषधाऐवजी मेंदूला विजेचे धक्के देऊन, दाखवलं होतं. प्रस्थापित सिद्धांतात बसेना, म्हणून तीसेक वर्षं ते बाजूला पडलं.

आठवण काढणं ही मेंदूत फेरबदल करणारी क्रिया आहे, याचा एक फुकटचा फायदा विद्यार्थ्यांना आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. याच्यामागे वर सांगितलेलीच रेणूंची उलथापालथ आहे, असं मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही.

'वाईट आठवणी पुसणारी गोळी' हा मथळा अधूनमधून झळकतो, तो या संशोधनाच्या जोरावर. प्रोप्रानोलॉल हे रक्तदाबाचं जुनंच औषध. ॲमस्टरडॅममध्ये मानसशास्त्रज्ञ मेरेल किंट यांनी २००९ मध्ये, कोळ्याचं चित्र दाखवून झटका दिलेल्या लोकांची ती आठवण पुन्हा जागी करताना, ते वापरलं. कोळ्याच्या कोणत्या चित्रानंतर झटका बसतो हे लोकांना नंतरही नीट सांगता येत होतं, पण ते चित्र पाहून दचकणं गेलं होतं. पुसली गेली ती भीती, माहिती जागेवर. पुढे इतरांनी हे करून पाहिलं, तेव्हा काहींच्या हाती काहीच लागलं नाही.

असं का होत असेल, याचा एक धागा पुन्हा नादर यांच्याच प्रयोगशाळेतून आला. उंदरांना एकाऐवजी दहा झटके दिले, तेव्हा ती दणकट आठवण दोन दिवसांनी किंवा सातव्या दिवशी स्वर ऐकवूनही कच्ची होईना. तीस आणि साठ दिवसांनी मात्र झाली. जोरदार शिकवणीनंतर अमिग्डलात एनएमडीएचा एक विशिष्ट उपघटक कमी झालेला होता. आठवण खुली व्हायला नेमका तोच लागतो. भीतीवरचे उपचार नेमके कधी करावेत, ही चर्चा आता याच अंगाने चालते.