व्हायोलिनची ग्रेड आठ परीक्षा

पाश्चात्त्य अभिजात व्हायोलिनच्या श्रेणीबद्ध परीक्षांमधली सर्वांत वरची पायरी. तिच्यापुढे डिप्लोमा सुरू होतात. १८८९ साली लंडनमध्ये स्थापन झालेले ‘असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक’, म्हणजे एबीआरएसएम, आणि ‘ट्रिनिटी कॉलेज लंडन’ या दोन संस्थांच्या परीक्षा भारतात परिचित आहेत. मुंबई, पुणे किंवा गोव्यातला विद्यार्थी ‘ग्रेड देतोय’ म्हणतो तेव्हा बहुधा यांपैकीच एक परीक्षा अभिप्रेत असते. पुढील तपशील एबीआरएसएमच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा आहे.

एकूण गुण १५०. तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्केल्स (स्वरपट्ट्या) व अर्पेजिओंना (एकामागून एक वाजवलेले स्वरसंच) २१, साइट-रीडिंगला (आधी न पाहिलेली रचना बघताच वाजवणे) २१ आणि ऑरल म्हणजे श्रवणचाचणीला १८. १०० गुणांना उत्तीर्ण, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागत नाही. एकूण बेरीज पाहिली जाते. बसण्यापूर्वी ग्रेड पाचची थिअरी (संगीतसिद्धांत) किंवा एबीआरएसएमला मान्य असलेला पर्याय उत्तीर्ण हवा. ट्रिनिटीत ही अट नाही. तिथे गुण १०० पैकी असून ६०, ७५ आणि ८७ हे टप्पे आहेत. एबीआरएसएमने २०२० पासून ध्वनिचित्रफितीवरची ‘परफॉर्मन्स ग्रेड’ही सुरू केली. तिच्यात स्केल्स, साइट-रीडिंग, ऑरल काही नाही. चार रचना वाजवायच्या आणि उरलेले ३० गुण संपूर्ण सादरीकरणाला.

रचनांचे गुण पाच अंगांनी ठरतात : पिच (सूर), टाइम (लय), टोन (आवाजाचा पोत), शेप (फ्रेजची, म्हणजे सुरावटीतल्या वाक्याची, घडण) आणि परफॉर्मन्स (सादरीकरण). पहिल्या दोहोंची तयारी सगळेच करतात. चोवीसवर अडकलेली रचना सत्तावीसवर जात नाही, ती बहुतेक वेळा शेपमुळे, आणि शेप बिघडतो तो भावना कमी पडल्यामुळे नव्हे, तर बोचा, म्हणजे गजाचा, हिशेब चुकल्यामुळे.

एक नेहमीचा प्रसंग पाहू. चार मात्रांचा बार (स्वरलिपीतला एक विभाग) : तीन मात्रांचा स्वर (डॉटेड मिनिम) खाली, म्हणजे बोच्या मुळाकडून टोकाकडे, एक मात्रेचा स्वर (क्रॉचेट) वर, म्हणजे उलट. बोच्या केसांची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर. तीन मात्रांत टोकापर्यंत गेलेला बो एका मात्रेत मुळाशी परत आणायचा, तर त्याला तिप्पट वेगाने ओढावे लागते. दाब तसाच ठेवला की आवाज फुगतो आणि फ्रेजच्या शेवटी, चौथ्या दुबळ्या मात्रेवर, नको तो धक्का बसतो. विद्यार्थ्याला तो ऐकू येत नाही, कारण त्याच्या मनात फ्रेज नीट संपलेली असते. उपाय तीन. वर येताना हाताचे वजन काढून बो घोडीपासून किंचित फिंगरबोर्डकडे सरकवणे. मुळापर्यंत न येता मध्यावरून पुढचा स्वर घेणे. किंवा लांब स्वराला मुळातच कमी बो देणे. यांतला कोणता, हे पुढच्या बारात काय आहे त्यावर ठरते. ठरले की पेन्सिलीने प्रतीवर लिहावे, नाहीतर रोज नवा निर्णय होतो.

छापील प्रतीच्या संपादकाने सुचवलेली बोटे, बोइंग (बो कुठे खाली, कुठे वर), मेट्रोनोमचे आकडे परीक्षेत बंधनकारक नसतात. त्यामुळे प्रतीतले काय संगीतकाराचे आणि काय संपादकाचे, हे आधी वेगळे करावे लागते. बाखच्या एकल सोनाटा व पार्टिटांचे १७२० सालचे स्वहस्ताक्षरातले हस्तलिखित उपलब्ध आहे. त्यात स्लर (एकाच बोत जोडायचे स्वर दाखवणाऱ्या कमानी) काळजीपूर्वक घातलेले आहेत, पण फोर्टे (जोरात) व पियानो (हळू) या खुणा अगदी मोजक्या. छापील प्रतीत दर चार बारांना क्रेशेंडो (आवाज वाढवत नेण्याची खूण) दिसला तर तो बहुधा दुसऱ्या कोणाचा. मग चढउतार कुठून काढायचा? स्वरसंवादातून : बास (सर्वांत खालचा स्वर) कुठे सरकतो, ताण कुठे साठतो, केडन्स (फ्रेजच्या शेवटचा विराम) कुठे येतो. ऑरलमध्ये केडन्स व मॉड्युलेशन (पट्टीबदल) ओळखायला लावतात ते हेच. म्हणून ती चाचणी वेगळ्या तासाला न घोकता स्वतःच्या रचनांच्या पियानो-भागावर करावी.

आपल्याकडे हिंदुस्तानी संगीत ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याची एक चूक खास आहे. मोत्सार्टच्या काळातला लांब अपोजियातुरा (मुख्य स्वराआधी जोडलेला शोभेचा स्वर) लहान आकाराच्या स्वराने लिहिलेला असतो, म्हणून तो कणस्वरासारखा हलका स्पर्शून मुख्य स्वरावर वजन टाकले जाते. नियम उलटा आहे. संगीतकार मोत्सार्टचे वडील लिओपोल्ड मोत्सार्ट यांनी १७५६ मध्ये लिहून ठेवल्याप्रमाणे जोर अपोजियातुरावर, मुख्य स्वर त्याच बोत जोडून हलका सोडायचा. साध्या स्वरापुढे तो निम्मी किंमत घेतो, डॉटेड स्वरापुढे दोन-तृतीयांश. दुसरी गोष्ट मिंडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. मांडी घालून, वाद्याचे डोके पावलावर टेकवून वाजवताना डावा हात मोकळा सरकतो आणि ती सरक रागाचा भाग असते. इथे पोझिशन (तारेवरची डाव्या हाताची जागा) बदलतानाची प्रत्येक सरक ऐकू आली तर ती अस्वच्छ ठरते. अंगठा बोटांबरोबर निघाला पाहिजे, मागे राहून ओढला जाता कामा नये. रोमँटिक रचनेत मुद्दाम ठेवलेली एखादी सरक शोभते. व्हिब्रॅटोचेही तसेच : हळू आणि जोरकस दोन्ही जागी एकाच रुंदीचा कंप असेल, तर तो अर्थ न राहता सवय होते.

तयारीला आठ ते दहा महिने धरावेत. पहिले दोन महिने बोटे व बो ठरवण्यात आणि रचना निम्म्या लयीत वाजवण्यात जातात. स्केल्स शेवटच्या पंधरवड्यावर ढकलणे ही सर्वांत महाग चूक. तीन सप्तकांचे स्केल आणि दुहेरी तारांची जोडकामे पंधरा दिवसांत सुरेल होत नाहीत. रोज चार-पाच स्वरपट्ट्या फिरत्या ठेवाव्यात, प्रत्येकीत मोकळ्या तारेशी जुळणारे स्वर थांबून तपासावेत. साइट-रीडिंगला अर्धा मिनिट मिळतो आणि त्यात मोठ्याने वाजवून पाहता येते. तो वेळ पहिल्या दोन बारांवर घालवू नये, सर्वांत अवघड जागेवर घालवावा. नंतर चुकले तरी थांबायचे नाही. मागे जाऊन दुरुस्त केलेला स्वर लय मोडतो. पियानो-साथीदाराबरोबर किमान तीन सराव लागतात, पहिला महिनाभर आधी. व्हायोलिनचा लांब स्वर चालू असताना मुख्य सुरावट कित्येकदा पियानोकडे असते, हे त्या पहिल्या सरावातच लक्षात येते.

परीक्षेच्या खोलीचा एसी ही मुंबईच्या पावसाळ्यातली वेगळी परीक्षा. दमट हवेत बोचे केस लांबतात, म्हणून स्क्रू जास्त पिळलेला असतो. एसीत केस आखडून बो ताठ होतो आणि उड्या मारू लागतो. लाकूड सुकून खुंट्या सुटतात. अर्धा तास आधी पोचून वाद्य पेटीबाहेर ठेवावे, स्क्रू एक-दोन वळसे सैल करावा आणि खुंट्या फिरवताना आत दाबाव्यात. जोडीला एक सुटी ‘ई’ तार हवी, आधी दोन-तीन दिवस चढवून ताणून घेतलेली. अगदी नवी तार पहिल्याच रचनेत उतरत जाते.