श्रेय माक्याचं की महिन्यांचं?

माक्याचं पान तळहातावर चुरडा. हिरवा रस बघता बघता काळा पडतो. केसांची जडीबुटी म्हणून त्याचं नाव झालं त्यात या रंगाचाही वाटा असावा, असं मला वाटतं. आजी हा रस खोबरेलात घालून मंद आचेवर आटवायची. तडतड थांबली की तेल झालं.

घरात कुणी बाळंत झालं की तीनेक महिन्यांनी न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके साचायचे आणि ती बाटली बाहेर यायची. पुढच्या काही महिन्यांत कपाळाशी बारीक नवे केस उभे! श्रेय अर्थातच माक्याला.

पण केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता थांबतो आणि गळतो. रोज 50 ते 100 केस असे जातातच. गरोदरपणात संप्रेरकांमुळे पुष्कळ केस वाढीतच अडकून राहतात. बाळंतपणानंतर ते एकदम थांबतात, म्हणून एकदम गळतात. टायफॉइड-डेंग्यूनंतरही तेच. मुळं शाबूत असल्यामुळे केस परत येतात, तेल लावा वा न लावा.

म्हणून तेल न लावणाऱ्यांशी तुलना हवी. तशी फार कमी झालीय. 2008 मध्ये माक्याच्या अर्काने उंदरांचे केस मिनॉक्सिडिल या केस वाढवणाऱ्या औषधाच्या बरोबरीने वाढले. पण तो अर्क पेट्रोलियम ईथर या प्रयोगशाळेतल्या द्रावकात काढलेला होता, कढईत नव्हे. आणि उंदराला आपल्या मामांसारखं टक्कल पडत नाही.

कांद्याचं प्रकरण जास्त रंजक. 2002 मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाई पडलेल्यांना, म्हणजे ठिकठिकाणी गोल चकत्यांत केस गेलेल्यांना, कांद्याचा रस लावायला दिला. सहा आठवड्यांत 23 पैकी 20 जणांना केस आले. नळाचं पाणी लावणाऱ्या 15 जणांत फक्त दोघांना. आकडे दमदार आहेत, पण माणसं मोजकी, आणि कांदा कुणाला मिळाला हे वासावरूनच कळणार! शिवाय चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. आनुवंशिक टक्कल वेगळं. तिथे डीएचटी नावाच्या संप्रेरकामुळे मुळंच बारीक होत जातात. चाईवरचा निष्कर्ष तिकडे लावता येत नाही.

खोबरेलाची बाजू मात्र भक्कम आहे. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं 2003 च्या अभ्यासात दिसलं. (संशोधक खोबरेल विकणाऱ्याच मुंबईच्या कंपनीतले होते, हेही सांगायला हवं.) त्याने नवा केस उगवत नाही, आहे तो कमी तुटतो, म्हणून वेणी भरदार दिसते.

आजीच्या कढईत माका असायचा मूठभर. बाकी सगळं खोबरेलच.