खडपावरचे सर्फिंग

खडपावरचे सर्फिंग : समुद्रतळाच्या पक्क्या खडकावर फुटणाऱ्या लाटेवरून फळीच्या आधाराने घसरत जाण्याचा क्रीडाप्रकार. ओहोटीला उघडा पडणाऱ्या आणि भरतीला झाकल्या जाणाऱ्या खडकाळ पट्ट्याला कोकण किनाऱ्यावर खडप म्हणतात. सर्फिंग करणारे अशा जागेला ‘रीफ ब्रेक’ म्हणतात. मग तळाला प्रवाळ असो की नुसता दगड. वाळूचा तळ प्रत्येक वादळानंतर सरकतो, त्यामुळे तिथली लाट आज इथे तर महिन्याभराने पन्नास पावले पलीकडे फुटते. खडक मात्र जागचा हलत नाही. ठरावीक दिशेची लाट आली की ती त्याच जागी आणि त्याच रीतीने फुटते. या प्रकाराची ओढ आणि धोका दोन्ही इथूनच येतात.

खानदेशातल्या वाचकाला हा विषय नदीकडून गाठणे सोपे जाते. पावसाळ्यात तापी किंवा पांझरा भरून वाहते, तेव्हा पात्रातल्या दगडी पायरीच्या खालच्या अंगाला पाण्याचा एक उंचवटा कायम उभा दिसतो. पाणी पुढे निघून जाते, उंचवटा तिथेच राहतो. समुद्रात नेमके उलटे घडते. पाणी जवळपास जागीच वरखाली होते आणि लाट पुढे जाते. नदीतला उंचवटा असो की समुद्रातली फुटणारी लाट, दोन्ही ठिकाणी पाण्याला आकार देतो तो तळाचा दगड. म्हणून खडपावर उतरणाऱ्याने लाटेच्या आधी तळ ओळखावा.

लाट कशी घडते

दूरच्या वादळातून निघून शेकडो-हजारो किलोमीटर आलेल्या, एकसारख्या अंतराने येणाऱ्या लाटांना स्वेल म्हणतात. दोन माथ्यांमधला वेळ, म्हणजे आवर्तकाल, हा तिचा सर्वांत महत्त्वाचा आकडा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर आवर्तकालाच्या वर्गाला १.५६ ने गुणायचे. ८ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब, तर १४ सेकंदांची ३०० मीटरांहून थोडी अधिक. लाटेला तळ लागायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे ८ सेकंदांची लाट ५० मीटर खोलीपर्यंत निवांत येते, १४ सेकंदांची मात्र दीडशे मीटर खोलीपासूनच तळाप्रमाणे वळू लागते. उंची सारखी असली तरी लांब आवर्तकालाची लाट खडपावर कितीतरी जास्त जोराने उभी राहते. लाटांच्या अंदाजात फक्त उंची पाहून पाण्यात उतरणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

वळणे म्हणजे काय, हे पाभर वळवताना दिसते. आतला बैल जागच्या जागी पाय टाकतो, बाहेरचा लांब फेरा घेतो आणि सगळी रेघ वळते. लाटेचा जो भाग उथळ खडकावर येतो तो मंदावतो, खोल पाण्यातला भाग पुढे धावतो. सगळी लाट खडकाच्या टोकाभोवती वाकून त्यावर एकवटते. म्हणूनच खडपाच्या मध्यावर लाट उंच असते आणि शेजारच्या खोल घळीत, ज्याला चॅनल म्हणतात, जवळजवळ सपाट पाणी मिळते. आत जायची आणि बाहेर यायची वाट हीच.

पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते. दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात फुटते, असा ढोबळ हिशेब. पण खडप खोल पाण्यातून भिंतीसारखा एकदम वर आला असेल तर लाटेला सावरायला वेळ मिळत नाही. ती त्याहून उथळ पाण्यात पोहोचते, तिचा माथा पुढे फेकला जातो आणि मध्ये नळ्यासारखी पोकळी तयार होते. सर्फरला हवी असते ती हीच पोकळी. तिच्या पुढ्यात पाणी सर्वांत कमी असते, कारण उठणारी लाट समोरचे पाणी स्वतःकडे ओढून घेते. भरतीच्या तक्त्यावर दीड मीटर खोली दिसली, तरी लाटेच्या पायथ्याशी कमरेएवढेच पाणी असू शकते.

भरती-ओहोटीचा हिशेब

वाळूवर भरतीचे गणित थोडे चुकले तर लाट बिघडते. खडपावर माणूस फुटतो. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तासांचा काळ. पाणी या काळात सारख्या वेगाने उतरत नाही. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा बाराव्या हिश्शांचा आहे : पहिल्या तासात एकूण फरकाचा १ हिस्सा, मग २, ३, ३, २ आणि शेवटी १. मुंबईकडे फरक ४ मीटर धरला, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला १ मीटर खाली जाते. दोन मीटर पाण्यात सुरू केलेली मौज पाऊण तासात सव्वा मीटरवर येते, आणि लाटांकडे तोंड करून बसलेल्याला ते कळतही नाही. यासाठी काठावरचा एखादा ठळक दगड आधीच हेरून ठेवतात. तो उघडा पडला की निघायचे, मग लाट कितीही देखणी असो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे फरक मोठा. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे फरक कमी. अनोळखी खडपावर पहिल्यांदा उतरायचे तर भांगेचा दिवस आणि चढते पाणी निवडावे. चुकलात तरी पुढच्या तासाला पायाखाली पाणी वाढतेच. चेन्नईकडे भरती-ओहोटीचा फरक मीटरभराच्या आसपास असतो, त्यामुळे तिथली लाट दिवसभर फारशी बदलत नाही.

मोठ्या शहरांजवळचे खडप

आफ्रिकेच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेचे टोक सेनेगलमध्ये आहे आणि त्याच टोकावर डाकार हे राजधानीचे शहर वसले आहे. टोकाचा खडक ज्वालामुखीचा, काळा. खानदेशातल्या विहिरी ज्यात खोदल्या आहेत त्या दगडाच्याच जातकुळीतला. समुद्रात घुसलेल्या या भूशिराला हिवाळ्यात उत्तर अटलांटिकची आणि उन्हाळ्यात दक्षिणेची अशा दोन्ही बाजूंच्या लाटा मिळतात, त्यामुळे एक बाजू शांत असली तरी दुसरीकडे काही ना काही चालू असते. न्गोर बेटाच्या बाहेरच्या अंगाला उजवीकडे फुटत जाणारी लाट आहे. तिथे खडकाच्या खाचांत सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव, दाटीने बसलेले असतात. वाकाम इथली लाट मशिदीसमोरच्या छोट्या उपसागरात फुटते. मशीद, मासेमारीच्या होड्या आणि सर्फर एकाच दगडी कुशीत.

होनोलुलूत आला मोआना इथल्या लाटेचा आकार बंदरासाठी खोदलेल्या चॅनलमुळे घडला आहे, म्हणजे खडप निसर्गाचा आणि कड माणसाची. सिडनीत मॅनलीजवळच्या फेअरी बोवरला लाट खडकाच्या कडेने धावते. भारतात चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम आणि महाबलीपुरम इथे दगडांच्या आधाराने फुटणाऱ्या लाटा आहेत.

खानदेशाला सर्वांत जवळचा समुद्र मात्र या कामाचा नाही. तापी जिथे समुद्राला मिळते त्या सुरत-डुमसच्या बाजूला तळ गाळाचा आणि दूरवर उथळ आहे, भरती-ओहोटीचा फरक ५-६ मीटरांचा. लाट फुटण्याआधीच तिचा जोर गाळात जिरतो. मुंबईला वांद्रे, वरळीकडे काळा खडप भरपूर आहे, पण अरबी समुद्राचे वेळापत्रक आडवे येते. हिवाळ्यात पाणी सपाट असते. जून ते सप्टेंबरात लाटा मोठ्या येतात, तेव्हा त्या जवळच्या वाऱ्याने उठलेल्या, कमी आवर्तकालाच्या आणि विस्कळीत असतात. अशा लाटा खडकावर धडकतात, सवारीला उपयोगी पडत नाहीत. पावसाळ्यात मुंबईच्या दगडांवर उभे राहणेसुद्धा जिवावर बेतते, तिथे फळी घेऊन उतरू नये.

मोठ्या शहराजवळच्या खडपाला आणखी एक दुखणे असते. जोराचा पाऊस झाला की गटारे, नाले आणि रस्त्यावरची घाण समुद्रात येते. पावसानंतर दोन ते तीन दिवस पाण्यात जाऊ नये, हा जगभरच्या शहरांतला शिरस्ता आहे. पोटाचे विकार, कानाचे संसर्ग आणि चिघळणाऱ्या जखमा या काळात वाढतात. पाणी तपकिरी असेल किंवा त्यावर फेसाचा चिकट थर तरंगत असेल, तर लाटेकडे पाहूच नये.

साहित्य

शिकणाऱ्याची मऊ, ८-९ फुटी फळी खडपासाठी अवजड पडते. इथे ६ ते ७ फुटांची कडक फळी वापरतात, कारण लाट तीव्र असते आणि फळी तिच्या कुशीत बसावी लागते. फळीच्या पोटाला बहुधा तीन फिन, म्हणजे माशाच्या परांसारख्या उभ्या पट्ट्या, असतात. खडकाला आपटून सर्वांत आधी मोडतात त्या याच, म्हणून जादा संच आणि किल्ली जवळ ठेवावी. घोट्याला बांधायची लीश, म्हणजे फळीला जोडलेली दोरी, साधारण फळीइतकीच लांब घ्यावी. जास्त लांब लीश दगडाच्या खाचेत अडकते आणि माणूस पाण्याखाली बांधला जातो. अडकलीच तर पट्ट्याची खिट्टी एका हाताने, डोळे मिटून सोडता आली पाहिजे. हा सराव घरी खाटेवर बसून वीस वेळा करावा. पायात रबरी तळाचे पातळ बूट, अंगात घट्ट बाह्यांचा कुडता आणि डोक्याला हेल्मेट. हेल्मेट घालायला पुष्कळ जण लाजतात. दगड लाजत नाही.

उतरणे आणि बाहेर येणे

पाण्यात जाण्याआधी काठावर निदान अर्धा तास बसावे. लाटा तीन ते सातच्या झुंडीने येतात आणि झुंडींमध्ये शांत वेळ असतो. झुंड किती लाटांची, दोन झुंडींमध्ये किती मिनिटे, सर्वांत मोठी लाट कुठे फुटते, बाहेर येणारे लोक कोणत्या दगडावर पाय ठेवतात, हे मोजून घ्यावे. चॅनल असेल तर तिथूनच आत जावे. दगडावरून उडी घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर झुंड सरल्यावर पाणी चढून दगडाच्या कडेपर्यंत आले की फळी छातीशी धरून तिच्यावर आडवे पडत पुढे झेप घ्यायची आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर निघायचे. पाणी उतरत असताना उडी मारली तर खाली दगड मिळतो. दगडावरचे हिरवे शेवाळ टाळावे. काळपट, कालवे चिकटलेला दगड पायाला पकड देतो, पण हात टेकला तर ब्लेडसारखा कापतो.

पडण्याची रीत

खानदेशात पोहणे बहुधा विहिरीत शिकतात. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून सुरुवात, आणि पुढे कठड्यावरून सूर नाहीतर मुटका. विहिरीला उथळ बाजू नसते, त्यामुळे असा पोहणारा खोल पाण्याला घाबरत नाही. ही मोठी जमेची बाजू. पण सूर मारण्याची हीच सवय खडपावर घातक ठरते. तोल गेला की शरीर आपोआप डोक्याकडून पाण्यात शिरायला बघते, आणि मीटरभर पाण्याखाली दगड असतो. मानेचे मणके मोडण्याच्या दुखापती अशाच होतात. मुटकाही नको, गुडघे आणि माकडहाड आपटतात.

खडपावर पडायचे ते चपटे. पाठीवर किंवा कुशीवर, हातपाय पसरून, फळीपासून दूर, जेणेकरून शरीर कमीत कमी खोल जाईल. पाण्याखाली गेल्यावर दोन्ही हातांनी डोके आणि मान झाकायची, कोपरे चेहऱ्यासमोर. पाय तळाला टेकवायचे नाहीत. खाच असेल तर पाय अडकतो आणि पुढची लाट माणसाला त्याच पायावर मुरगाळते. वर येतानाही एक हात डोक्यावर ठेवावा, कारण ताणलेली लीश फळीला नेमकी आपल्याकडेच खेचते. मध्यम लाट माणसाला पाण्याखाली दाबून ठेवते ती काही सेकंदच, पण घाबरून हातपाय मारले तर तेवढ्यातच दम संपतो.

हे सगळे वाळूच्या तळावर पक्के झाल्याशिवाय खडपाकडे जाऊ नये. कर्नाटकातल्या मुळकीला आणि चेन्नईजवळच्या कोवलमला वाळूच्या किनाऱ्यावर शिकवणाऱ्या शाळा आहेत. नंदुरबार, जळगाव, भुसावळ या स्थानकांवरून जाणारी नवजीवन एक्सप्रेस थेट चेन्नईला पोहोचते. फळी तिथेच भाड्याने मिळते. घरी करण्याजोगी तयारी म्हणजे खांदे आणि दम. तासाभराच्या सत्रात लाटेवर उभे राहण्याचा वेळ फार तर पाच मिनिटे, बाकी सारे हातांनी पाणी मागे सारणे आणि वाट पाहणे. तरणतलावात पोटावर राहून ४००-५०० मीटर न थांबता पोहता येणे ही किमान पायरी समजावी. बंधाऱ्याच्या सांडव्याखाली मात्र सराव करू नये. तिथला भोवरा वर आलेल्या माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढून नेतो.

रांगेचे नियम

लाट जिथे प्रथम फुटते त्या टोकाच्या सर्वांत जवळ असलेल्याचा तिच्यावर हक्क. दुसऱ्याने मध्ये घुसणे याला ‘ड्रॉप-इन’ म्हणतात. खडपावर हा नुसता उर्मटपणा राहत नाही, कारण अडलेल्या माणसाला वळायला जागा एकच उरते, ती दगडाकडची. परत आत जाताना लाटेच्या वाटेतून न जाता चॅनलने फेरा घ्यावा. मोठी लाट समोर आली म्हणून फळी सोडून बुडी मारू नये. मागे कोणीतरी असते.

जखमा

खडकाची जखम दिसते त्यापेक्षा मळलेली असते. तिच्यात कालवाच्या शिंपल्याचे कण, शेवाळ आणि शहराचे पाणी असते. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने निदान पाच मिनिटे धुवावी, कण चिमट्याने काढावेत, मगच पोव्हिडोन आयोडीन लावावे. धनुर्वाताची शेवटची लस पाच वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी असेल तर पुन्हा घ्यावी. गावी परतून शेतात, गोठ्यात काम करणाऱ्याने तर हे टाळूच नये. सी अर्चिनचे काटे ठिसूळ असतात आणि ओढताना आत तुटतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश सेल्सियसला, अर्धा ते दीड तास पाय ठेवला की ठणका कमी होतो. सांध्याजवळ शिरलेला काटा डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. भोवतीची लाली पसरू लागली, ताप आला किंवा जखम आठवड्यानंतरही भरेना, तर आत कण राहिला असे समजून दाखवावे. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी पहिल्या दिवशीच दाखवावे. खाऱ्या पाण्यातले काही जंतू त्यांच्यात तासातासाला पसरतात.