पार्श्वभूमी : कंट्रोलच्या पेपरातलं वजा चिन्ह

बडोद्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ‘कंट्रोल’ (यंत्रं आपोआप ताब्यात ठेवण्याचा विषय) समोर येतो तेव्हा मुलांचं लॅप्लासचं गणित झालेलं असतं, सेमिलॉग पेपरची थप्पी घेऊन झालेली असते आणि ‘रूट लोकसचा आलेख पक्का कर, मार्क कुठे जात नाहीत’ हा सिनिअरांचा सल्लाही पाठ असतो. अडतं ते भलतीकडेच. इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला सर फळ्यावर लिहितात की ऑसिलेटर (स्वतःच लहरी काढत राहणारं सर्किट) चालायला ए-बीटा, म्हणजे फेरी मारून परत आलेल्या सिग्नलची पट, बरोबर एक व्हायला हवं. पुढच्या तासाला कंट्रोलच्या मॅडम सांगतात की जीएच (तशीच पट, त्यांच्या अक्षरांत) वजा एक झालं की लूप, म्हणजे सिग्नलची ती फेरी, हाताबाहेर गेलं. दोघंही बरोबर आहेत आणि दोघं एकच गोष्ट सांगताहेत. मग चिन्ह उलटं का? वर्गात याला ‘कन्व्हेन्शन आहे, लिहून घ्या’ एवढंच उत्तर मिळतं.

हा विषय एका घरात वाढलेला नाही. वाफेच्या इंजिनाचा गव्हर्नर (वेग आपोआप आवरणारं यंत्र), त्यावरचा मॅक्सवेलचा १८६८चा निबंध, राउथ (१८७७) आणि हुर्विट्झ (१८९५) यांच्या स्थिरतेच्या कसोट्या हे सगळं पहिल्या युनिटात दोन तासांत उरकतं, आणि उरकावंच. पुढे १९२२ मध्ये जहाजाचं सुकाणू आपोआप धरण्याच्या प्रश्नातून आजच्या पीआयडी कंट्रोलरचा तीन पदांचा नियम (चूक, तिची बेरीज, तिचा बदलण्याचा वेग) मांडला गेला. १९४२ मध्ये कारखान्यातले कंट्रोलर जुळवण्याचे झीग्लर-निकोल्सचे नियम आले, १९४८ मध्ये विमानउद्योगातून रूट लोकस. दुसऱ्या महायुद्धात तोफांचा नेम धरणाऱ्या यंत्रांवर टेलिफोनवाले, यंत्रवाले आणि कारखानेवाले एकत्र बसले. युद्ध संपल्यावर त्यांच्या टिपणांतून पाठ्यपुस्तकं निघाली आणि आपला अभ्यासक्रम आजही थोडाफार त्याच क्रमाने चालतो. गोधडी शिवली गेली, पण टाके दिसतात. वजा चिन्ह हा त्यातला सगळ्यात ठसठशीत टाका.

‘फीडबॅक’ हा शब्द आधी रेडिओवाल्यांचा. त्यांच्या लेखी आउटपुटचा थोडा भाग इनपुटात परत सोडायचा तो गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) वाढवण्यासाठी. जास्त सोडला की शिट्टी. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की जी किंकाळी उठते, तीच ही. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरमधला विकृतपणा घालवायला धडपडणाऱ्या हॅरॉल्ड ब्लॅक या इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी, कामावर जाताना बोटीत, उलटी युक्ती सुचली. परतीचा भाग वजा करायचा, गेन मुद्दाम गमवायचा आणि त्या बदल्यात स्थिरता घ्यायची. हे त्याने हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर खरडलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. कमावलेला गेन फेकून देणारा माणूस शहाणा असू शकतो, हे कोणाला पटेना.

पण गणित लिहिताना त्याने वजाबाकी वेगळी काढली नाही. त्याच्या सूत्राच्या छेदात ‘१ − म्यू-बीटा’ आहे; म्यू-बीटा म्हणजे वरचं ए-बीटाच. ऋणपणा म्यू-बीटाच्या पोटातच धरलेला. १९३२ मध्ये नायक्विस्टने स्थिरतेची कसोटी मांडली ती याच पद्धतीने, म्हणून त्याच्या मूळ आलेखात वक्राने वेढायचा की नाही तो बिंदू अधिक एक आहे. सर्वोवाल्यांच्या (मोटरने जागा नेमकी धरणारी यंत्रं करणाऱ्यांच्या) चित्रात मात्र समिंग पॉइंटवर, म्हणजे सिग्नलांची बेरीज-वजाबाकी होते तिथे, वजा चिन्ह ठळक काढलेलं होतं. ते लूपमधून बाहेर काढल्यावर छेद ‘१ + जीएच’ झाला आणि बिंदू सरकून वजा एकावर गेला. ऑसिलेटर शिकवणारे जुन्या घरी राहिले, कंट्रोलवाले नव्या घरी आले. आपला विद्यार्थी मधल्या कॉरिडॉरमध्ये उभा.

याहून खोल गोंधळ ‘निगेटिव्ह’ या शब्दातच आहे. समिंग पॉइंटवर वजा आहे म्हणून लूप ऋण, असं मुलं धरून चालतात. ते कमी फ्रिक्वेन्सीपुरतं खरं. फ्रिक्वेन्सी वाढते तशी प्लांटची (ज्याला ताब्यात ठेवायचं त्या यंत्राची) फेज, म्हणजे लहरीची चाल, मागे पडत जाते. १८० अंश मागे पडली की वजाचं अधिक होतं, आणि त्या जागी गेन एकाहून कमी उरला नसेल तर साध्या लूपमध्ये मांडवातली किंकाळी ठरलेली. म्हणजे एकच लूप एका टोकाला ऋण, दुसऱ्या टोकाला धन. गेन मार्जिन याचंच माप: किंकाळी उठेपर्यंत गेन किती पट वाढवता येईल ते. हे आधी सांगितलं तर बोडे प्लॉट (फ्रिक्वेन्सीनुसार गेन आणि फेजचा आलेख) ही नुसती चित्रकला उरत नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा ते शेवटी सांगितलं जातं, किंवा राहून जातं.

बडोद्यात तिसरी गुंतागुंत कारखान्यांची. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, मागोमाग खत आणि पेट्रोकेमिकल आले, आणि इथल्या मुलाला ट्रेनिंगला गेल्यावर पहिला लूप दिसला तो फर्नेसचा किंवा टाकीच्या लेव्हलचा. पुस्तकातली सर्वो मोटर नव्हे. तिथे कंट्रोलरवर ‘डायरेक्ट’ आणि ‘रिव्हर्स’ असं लिहिलेलं. मोजमाप वाढल्यावर आउटपुट वाढत असेल तर डायरेक्ट, घटत असेल तर रिव्हर्स. वर्गात एरर म्हणजे सेटपॉइंट वजा मोजमाप, म्हणून पुस्तकातला सभ्य कंट्रोलर पॅनेलवर ‘रिव्हर्स’ ठरतो. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर हवेने उघडणारा व्हॉल्व्ह असेल तर मात्र डायरेक्टच लावावा लागतो, आणि तरीही अख्खा लूप ऋणच. हे एक उदाहरण नीट सोडवलं तर चिन्हाची निम्मी भीती जाते. अभ्यासक्रमात त्याला जागा नाही.

शब्दांचा प्रश्न या गावाला नवा नाही. १८९०चं कलाभवन मातृभाषेतून धंदेशिक्षण द्यायचं म्हणून निघालं, आणि १९३१ मध्ये संस्थानाने राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, इंजिनिअरिंग इंग्रजीत स्थिरावलं आणि तो धागा सुटला. मराठीत फीडबॅकला ‘प्रत्याभरण’, ‘पुनःप्रदाय’ असे शब्द आहेत, पण दांडिया बाजारातल्या मराठी घरातही कोणी ते वापरत नाही. खंत एका गोष्टीची: ‘ऋण’ या आपल्या शब्दाचा गणितातला अर्थ निव्वळ वजा असा आहे, त्याला ‘नकारात्मक’सारखा वाईटपणाचा वास नाही. तो वर्गात आला असता तर ‘निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे टीका ना?’ हा प्रश्न उठला नसता. सत्राअखेरच्या फॉर्मलाही आता फीडबॅक म्हणतात. ज्या बॅचने तो भरला तिला त्याचा काही उपयोग नसतो. शुद्ध डेड टाइम, म्हणजे कृतीपासून परिणाम दिसेपर्यंतचा कोरा वेळ.

डेड टाइम शिकवायला मात्र इथे प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात अख्खं शहर दोन आकडे बघत असतं, आजवा जलाशयाची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदीची. आजव्याच्या ६२ दरवाजांतून सोडलेलं पाणी शहरात पोचायला काही तास जातात; तोवर दरवाजे बंद करूनही वाटेतलं पाणी यायचं ते येतंच. २०१९ आणि २०२४चे पूर पाहिलेल्या मुलांना उशीर झालेला फीडबॅक वेगळा समजवावा लागत नाही.

गेल्या वीसेक वर्षांत सॉफ्टवेअर आलं. एका ओळीत नायक्विस्टचा आलेख निघतो, आणि हाताने आलेख काढणं ठेवायचं की नाही यावर अभ्यासमंडळात दर फेरबदलाला भांडण होतं. स्टेट स्पेसची (मॅट्रिक्सने मांडण्याची) पद्धत १९६०पासून उभी आहे, पण पहिल्या पेपरात अजून शेवटच्या आठवड्यातच येते. सॉफ्टवेअरने चिन्हाचा घोळ मिटवला नाही, लपवला. फीडबॅकची कमांड काही सांगितलं नाही तर वजाच धरते, आणि वजा कोणी घातला हे मुलांना कळतही नाही. प्रश्नपत्रिकेत हल्ली कंसात ‘युनिटी निगेटिव्ह फीडबॅक गृहीत धरा’ असं छापतात, म्हणजे आउटपुट जसंच्या तसं वजा. इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात ए-बीटा बरोबर एक, कंसाशिवाय.