कॉयरमध्ये मुलं आधीपासून होती, हौशी मोठी माणसं नंतर आली

शाळेतली मुलं आणि मोठ्यांचा हौशी कॉयर (एकत्र गाणारा समूह) एकाच स्टेजवर गाताना दिसले की बहुतेकांना वाटतं, कार्यक्रमाला जरा गोडवा यावा म्हणून मुलांना आणलंय, पुढच्या दोन रांगांत उभं केलंय, दोन गाणी झाली की ती खाली उतरतील आणि मग खरा कार्यक्रम सुरू होईल. मला हे मनापासून खटकतं. कारण जरा मागे जाऊन बघितलं तर गोष्ट बरोब्बर उलटी आहे, मुलं कॉयरमध्ये शेकडो वर्षं होती, नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारी मोठी माणसं त्यात फार उशिरा आली.

सुरुवात युरोपातल्या चर्चमध्ये होते. तिथे उपासनेत बायकांनी गायचं नाही असा नियम होता, पण चार-पाच आवाजांचं संगीत तर गायचंय, मग वरच्या पट्टीतला आवाज आणायचा कुठून? मुलांकडून. म्हणून मोठमोठ्या चर्चना आणि राजदरबारांना जोडून मुलग्यांच्या शाळा निघाल्या, तिथे राहणं, खाणं, लॅटिन, हिशेब सगळं मिळायचं आणि बदल्यात रोज गायचं. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचा कॉयर १२१२ पासूनचा मानतात, केंब्रिजचं किंग्ज कॉलेज १४४१ मध्ये स्थापन झालं आणि त्याच्या नियमांत १६ मुलगे ठेवायचे असं ठरलं, व्हिएन्नाच्या दरबारातल्या मुलांची परंपरा १४९८ पासून सांगतात. म्हणजे वर मुलं आणि खाली पुरुष हीच कॉयरची नेहमीची रचना होती, त्यात कुणाला विशेष काही वाटायचं नाही. (काही ठिकाणी, खास करून इटलीत, वरच्या आवाजासाठी याहून क्रूर उपाय शोधला गेला, लहानपणी शस्त्रक्रिया करून आवाज फुटूच द्यायचा नाही. तो वेगळा आणि दुःखाचा विषय आहे.)

हे ऐकायला छान वाटत असलं तरी आतून काय ओढाताण असायची ते लाइपझिगच्या त्याच सेंट थॉमस चर्चचं संगीत सांभाळणाऱ्या बाख या संगीतकाराने लिहून ठेवलंय. १७३० च्या ऑगस्टमध्ये त्याने लाइपझिगच्या नगरपालिकेला एक निवेदन दिलं, त्यात त्याने शाळेतल्या ५४ मुलांचा सरळ हिशेबच मांडलाय, १७ कामाची, २० अजून तयार व्हायची आणि १७ कधीच न होणारी. आणि एका कॉयरला किमान १२, खरं तर १६ गाणारे हवेत असं त्याचं म्हणणं होतं, आणि कॉयर एक नाही, अनेक चर्चमध्ये पाठवायचे. आज शाळेच्या मुलांना घेऊन कार्यक्रम बसवणारा कुठलाही शिक्षक हा हिशेब वाचून मान डोलावेल.

दुसरी गोष्ट आवाज फुटण्याची. पुढे मोठा संगीतकार झालेला हायडन लहानपणी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये गायचा आणि १७ च्या आसपास आवाज गेला तसा त्याला तिथून बाहेर पडावं लागलं, राहायची जागाही गेली. मुलाचा आवाज हीच त्याची जागा होती, आवाज संपला की जागा संपली. हा हायडन पुन्हा येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

मग मोठी हौशी माणसं कधी आली? १८ व्या शतकाच्या शेवटाला. १७९१ मध्ये बर्लिनला कार्ल फ्रीडरिश फाश याने झिंग-अकादमी काढली, तिथे बायका आणि पुरुष एकत्र बसून, पैसे न घेता, फक्त आवडीने जुनं संगीत शिकायला लागले. आज ज्याला आपण कम्युनिटी कॉयर म्हणतो त्याचा एक मोठा धागा इथून निघतो. आणि इथेच एक उलथापालथ झाली, वरच्या पट्टीत गायला आता बायका होत्या, त्यामुळे मुलांची गरजच उरली नाही. कुणी त्यांना हाकललं नाही, पण नव्या कॉन्सर्ट हॉलच्या कॉयरमधून मुलं हळूहळू गायब झाली आणि चर्चपुरती राहिली.

तरी एक मुलगा आत शिरलाच. १८२० मध्ये ११ वर्षांचा फेलिक्स मेंडेल्सन, पुढचा नामवंत संगीतकार, आपली बहीण फॅनी हिच्याबरोबर याच झिंग-अकादमीत दाखल झाला, आधी तो आल्टोत, म्हणजे वरच्या आवाजांतल्या खालच्या पट्टीत, गायचा. मोठ्या माणसांमध्ये बसून त्याने बाखचं संगीत आतून ऐकलं. ९ वर्षांनी, ११ मार्च १८२९ ला, त्याच कॉयरला घेऊन त्याने बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन (ख्रिस्ताच्या मृत्यूची कथा सांगणारी मोठी संगीतरचना) पुन्हा लोकांसमोर आणलं, तेव्हा तो जेमतेम २० वर्षांचा होता. बाख गेल्यावर हे काम जवळजवळ विसरलंच गेलं होतं. मुलांना मोठ्यांच्या तालमीत बसवून काय होतं असं कुणी विचारलं तर मला पहिली आठवण हीच होते.

दरम्यान लंडनमध्ये वेगळंच काही चालू होतं. तिथल्या धर्मादाय शाळांमधली गरीब मुलं वर्षातून एकदा सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये जमून एकत्र गायची, हजारोंच्या संख्येने. १७९२ मध्ये हायडन तिथे होता आणि त्याने आपल्या वहीत लिहिलंय की ४००० मुलांना गाताना ऐकलं, आणि आयुष्यात कुठल्याही संगीताने त्याला एवढं हलवलं नव्हतं. स्वतः लहानपणी कॉयरमध्ये गायलेला आणि आवाज फुटल्यावर रस्त्यावर आलेला माणूस साठीच्या उंबरठ्यावर तिथे बसून काय ऐकत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे १८५१ मध्ये बर्लिओझ हा फ्रेंच संगीतकार तिथे गेला. तो मोठ्या प्रदर्शनात वाद्यांचा परीक्षक म्हणून लंडनला आला होता, त्याला नीट ऐकता यावं म्हणून तो चक्क झगा घालून बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गाणाऱ्यांमध्ये जाऊन बसला. साडेसहा हजार मुलं होती असं तो सांगतो. त्याचं 'ते देउम' (देवाच्या स्तुतीच्या लॅटिन स्तोत्रावरची रचना) तोवर लिहून झालं होतं, पण हे ऐकून परत गेल्यावर त्याने त्यात मुलांचा एक तिसरा कॉयर घातला, आणि स्वरलिपीत त्यासाठी ६०० मुलं मागितली! १८५५ मध्ये पॅरिसच्या सेंट युस्ताश चर्चमध्ये ते झालं. इथे मुलं आता बायकांच्या आवाजाला पर्याय म्हणून नाहीत, बायका स्टेजवर असतानाच मुलं हवी आहेत, त्यांच्या स्वतःच्या रंगासाठी. मला वाटतं आजच्या एकत्र कॉन्सर्टची कल्पना खऱ्या अर्थाने इथे बदलली.

आणि एवढी मुलं पॅरिसमध्ये मिळाली कशी, तर त्याची तयारी आधीच झालेली होती. विल्हेम नावाच्या शिक्षकाने तिथल्या शाळांमधून गाणं शिकवायला सुरुवात केली होती, १८३३ मध्ये त्याने वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांना एकत्र आणून गायला लावलं आणि त्याला ऑर्फेऑं नाव पडलं, पुढे दिवसभर काम करून संध्याकाळी येणाऱ्या कामगारांचे वर्गही त्यात आले. शाळकरी मुलं आणि कष्टकरी मोठे एकाच छत्राखाली, एकाच पद्धतीने शिकलेले. आजच्या शाळा-अधिक-कम्युनिटी कॉयर प्रकाराचा याहून जवळचा पूर्वज मला सापडलेला नाही.

इंग्लंडमध्ये हेच काम टॉनिक सोल्फा या गाणं वाचायच्या पद्धतीने केलं. नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची पद्धत जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने १८४० च्या दशकात सुधारून पसरवली. यात पाच रेषांची स्वरलिपी वाचायची गरज नाही, दो कुठल्याही पट्टीवर ठेवायचा आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे, आपला सा जसा ज्याच्या त्याच्या पट्टीप्रमाणे सरकतो अगदी तसंच. हे मराठी वाचकाला लगेच कळेल, पण तिकडे ती मोठी क्रांती होती कारण ८ वर्षांचं मूल आणि ४० वर्षांचा गिरणी कामगार आता एकच कागद वाचू शकत होते. एकत्र गाण्यातली सगळ्यात मोठी अडचण आवाजाची नसतेच, वाचण्याची असते. अमेरिकेतही १८३८ मध्ये लोवेल मेसनच्या खटपटीने बॉस्टनच्या सरकारी शाळांत गाणं हा विषय आला.

२० व्या शतकात गोष्टी पटापट झाल्या. माहलर या संगीतकाराची आठवी सिंफनी १२ सप्टेंबर १९१० ला म्युनिकमध्ये झाली तेव्हा व्हिएन्ना आणि लाइपझिगचे अडीचशे-अडीचशेचे दोन मोठ्यांचे कॉयर होते आणि म्युनिकची ३५० मुलं, म्हणजे मोठ्यांच्या कुठल्याही एका कॉयरपेक्षा मुलंच जास्त. हंगेरीत कोडाय हा संगीतकार मोठ्यांसाठी लिहिता लिहिता १९२५ पासून मुलांच्या कॉयरसाठी गंभीरपणे लिहायला लागला, मुलांना सोपं पण हलकं काही द्यायचं नाही हा त्याचा आग्रह होता आणि कर्वेनच्या, स्वर हाताने दाखवायच्या खुणाही त्याच्या पद्धतीने जगभर नेल्या.

पण ज्याने हौशी मोठे आणि शाळकरी मुलं यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलं तो बेंजामिन ब्रिटन हा इंग्लिश संगीतकार. १९४८ चं त्याचं 'सेंट निकोलस' हे कॉयर-संगीत एका शाळेच्या शतकमहोत्सवासाठी होतं, आणि त्यात कोण काय करू शकतं याचा किती बारीक विचार आहे बघा, व्यावसायिक टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) एक, वाद्यवृंदाला आधार द्यायला मोजके पक्के वादक, बाकी सगळे हौशी, वरच्या गॅलरीत वेगळा उंच आवाजांचा कॉयर आणि दोन ठिकाणी तर समोर बसलेले श्रोतेही गातात. १९६२ च्या वॉर रिक्विम या मृतांसाठीच्या प्रार्थनेवरच्या रचनेत मुलांना त्याने मुद्दाम लांब ठेवलं, फक्त एका छोट्या ऑर्गनबरोबर.

हे लांब ठेवणं नुसतं नाट्यासाठी नाही. मुलांचे स्वरतंतू आखूड आणि पातळ असतात, आवाज सरळ जातो, त्यात मोठ्या सोप्रानोसारखं (उंच पट्टीत गाणाऱ्या बाईसारखं) कंपन नसतं, आणि ताकद कमी असते, त्यामुळे मोठ्यांच्या मधोमध उभं केलं तर मुलं एक तर बुडतात नाहीतर ओरडून गळा बसवून घेतात. म्हणून मुलांना वेगळी रांग, वेगळी गॅलरी, वेगळी सुरावट द्यायची. बाखने मॅथ्यू पॅशनच्या पहिल्याच समूहगीतात हे केलंय, खाली दोन कॉयर एकमेकांना प्रश्न विचारतायत आणि त्या गदारोळावरून एक साधी संथ भजनाची ओळ वेगळी तरंगत जाते, आज ती ओळ बहुतेक ठिकाणी मुलांना देतात.

मुलींची गोष्ट मात्र फार उशिरा आली. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी कॅथेड्रलने मुलींचा स्वतंत्र कॉयर सुरू केला तो १९९१ मध्ये. शाळांच्या कॉयरमध्ये मुली केव्हाच होत्या, त्यामुळे एकत्र कॉन्सर्टमध्ये आज बऱ्याचदा मुलीच जास्त दिसतात आणि १२-१३ च्या मुलग्यांना टिकवून ठेवणं हीच शिक्षकांची खरी काळजी असते. त्या वयात काही महिने जेमतेम पाच-सहा स्वरच नीट लागतात, पूर्वी तेवढ्यावरून दार बंद व्हायचं. आता शहाणे दिग्दर्शक तेवढ्या स्वरांत बसेल अशी ओळ लिहून देतात, आणि वर्षभराने तोच मुलगा मागे टेनरमध्ये, कुणा काकांच्या शेजारी, त्यांच्याच फाइलमध्ये बघून गात असतो.