फोटोतलं धुकं आणि मेणातलं धुकं

पावसाळ्यात राजगडावर काढलेल्या फोटोत बालेकिल्ला अर्धा धुक्यात बुडालेला असतो. पण पुण्यात परतून तो छापला, की धुक्याच्या जागी नुसता सपाट राखाडी पट्टा उरतो. एन्कॉस्टिक म्हणजे वितळलेल्या मेणाची चित्रकला. इथे मात्र धुक्याला खरीच जाडी देता येते.

ही कला जुनी आहे. इजिप्तच्या फायूम भागात मिळालेली, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली कित्येक व्यक्तिचित्रं मेणरंगांतली आहेत आणि त्यांचे रंग आजही ताजे वाटतात.

साधारण आठ भाग मधमाश्यांचं मेण आणि एक भाग डामर राळ (झाडाचा वाळलेला चीक) एकत्र वितळवतात. राळेमुळे थर कडक होतो, चकाकतो. मेण घेताना मात्र चोखंदळ राहा. पॅराफिनची भेसळ असेल तर थर ठिसूळ होतो.

फोटो पातळ, साध्या कागदावर छापून लाकडी फळीवर ठेवायचा आणि वर हे मेण चढवायचं. चकचकीत फोटोपेपर चालत नाही, त्यावरचा प्लॅस्टिकचा थर मेण शोषू देत नाही. साधा कागद पांढरा दिसतो, कारण तंतू आणि मधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो याचं माप) १, तंतूंचा सुमारे १.५, मेणाचा १.४४ च्या आसपास. हवेची जागा मेणाने घेतली की सीमेवरचा हा फरक कमी होतो, विखुरणं घटतं आणि कागद भजीच्या तेलकट कागदासारखा अर्धपारदर्शक होतो. खाली आधीच लावलेला गेरू मग फोटोतल्या कड्यातून वर उमटतो!

खरी गंमत पुढे आहे. थंड होताना मेणात बारीक स्फटिक बनतात आणि तेही प्रकाश विखुरतात. पातळ थर जवळजवळ स्वच्छ, जाड थर दुधाळ. दूरच्या डोंगरावर थर चढवत जायचे, जवळच्या बुरुजावरचे खरवडून काढायचे. धुक्यात हेच काम पाण्याचे थेंब करतात. म्हणून मला हे धुकं रंगवलेल्या धुक्यापेक्षा खरं वाटतं.

प्रत्येक थर हीटगनने खालच्या थरात वितळवून मुरवावा लागतो, नाहीतर तो पुढे सुटतो. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. धूर येईपर्यंत तापवू नका, त्यातला अ‍ॅक्रोलीन वायू डोळे आणि घसा जाळतो. खिडक्या उघड्या हव्यातच.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मेण मऊ पडतं, म्हणून पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा. सुरुवातीचे काही महिने पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते. मऊ सुती कापडाने हलकेच पुसली, की ती निघते.